पावसात कोरडी नाली

बाहेर धो धो पाऊस, आणि मी बांधून घेतलेली नाली कोरडी ठणठणीत. छत्री घेऊन तिच्या काठावर उभी राहिले आणि डोकं नुसतं भणभणायला लागलं. असं कुठं असतं का बाप्पा!

आंधळगावच्या कडेला धानाच्या शेतांच्या बांध्या मोडून घरांच्या प्लॉटांचा लेआउट पडला, तेव्हा त्याचं आखणीचं काम माझ्याकडे आलं होतं. माती कुठं कापायची, मुरूम कुठं भरायचा, पावसाचं पाणी कुठून काढायचं, हे सगळं मीच ठरवून दिलेलं. लेआउटच्या खालच्या अंगाला माझ्या मामाजींचं घर. म्हणून तर डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं. सगळ्या प्लॉटांचा उतार नालीकडे, नाली पुढं नाल्याला. मामाजींच्या अंगणात थेंब येता कामा नये.

आणि त्या दिवशी सकाळी मामींचा फोन. "बाई, मागाच्या खड्ड्यात पानी भरलं. तुहे मामाजी कालपासून जेवले नाहीत."

मामाजींचा माग खड्ड्याचा. विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून खालच्या फळ्या दाबतो. त्या गल्लीत कधीकाळी घरोघरी माग होते, आता उरला तो हा एकच. आता बंद पडला तर पुन्हा लागणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. मी तशीच गाडी काढली.

जाऊन पाहते तर खड्ड्यात गुडघाभर पाणी. बादलीनं उपसलं, तर खालून परत भरलं. उंबऱ्यावर पाणी नाही, अंगणात नाही, नालीत नाही, आणि खड्ड्यात मात्र आहे! माझी मतीच गुंग झाली. मग मला राग आला. मला काही समजेनासं झालं की आधी रागच येतो. ठेकेदाराला फोन लावून चांगलं झापलं, तर तो म्हणतो, "मॅडम, उतार त तुमीच तपासून पास केला ना!"

खरंच होतं. उन्हाळ्यात मी स्वतः लेव्हलचं यंत्र लावून उतार तपासला होता, आणि तो अगदी बरोबर होता. मग पाणी गेलं कुठं?

लेआउटभर कमरेएवढं तरोट्याचं तण माजलं होतं. चडफडत त्याच्यात शिरले आणि घोट्यापर्यंत पाण्यात गेले. पुढं पाऊल टाकलं, तिथंही घोट्याएवढंच. आणखी पुढं, तरी तेवढंच. उताराच्या जागेवर पाणी असं एकसारखं उभं कसं राहील? मी वेड्यासारखी इकडून तिकडे चालत राहिले.

"समालून व, पुढं धुरा हाय," मागून आवाज आला. मामाजी पोतं पांघरून उभे होते.

तरोटा बाजूला केला. खरंच मातीचा बांध होता, हातानं थापून चोपून घातलेला. प्रत्येक प्लॉटाला चहूबाजूंनी तसाच.

"हे कोणी केलं, मामाजी?"

"मी." आवाजात केवढा अभिमान! "तू पाहून गेली अन् मी इकडं फिरत आलतो. पाहतो त काय, सारी जागा एकाच आंगाले कललेली! म्हटलं, पोरीचं काम हाय, लोक हासतीन. जेसीबीवाल्याले धरलो अन् सपाट करून घेतलो. धुरे मातर माह्या हातचे हायेत. तुले सांगितलो नाही, तुले वाईट वाटलं असतं."

आता हसावं, रडावं की ओरडावं, मला काही कळेना. धानाच्या मुलखात ज्याच्या बांधीत पाणी सगळीकडे सारखं उभं राहतं, तो कामाचा माणूस. उतार म्हणजे आळशाचं काम. मामाजींनी माझी लाज राखली होती. आणि ते अडवलेलं पाणी मुरमात मुरून खालच्या जुन्या चिकणमातीवरून सरकत, माझ्या नालीच्या बुडाखालून थेट त्यांच्याच मागात उतरत होतं.

"एवढं पानी अडवलो, तरी घरात कुठून येऊन राहिलं व?" त्यांचे डोळे लाल झाले होते. "माहं काई चुकलं का?"

माझ्या कामाला कोणी बोट लावलं तर मी त्याला सोडत नाही, हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. पण तोंडातून निघालं, "नाही मामाजी. माझंच चुकलं. नाली फार खोल झाली, तिच्यात पाणी सोडावं लागेल." इतकं बिनबुडाचं बोलणं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"असं म्हन ना मंग!" मामाजींचा चेहरा खुलला. फावडं आणून त्यांनी स्वतःच्याच धुऱ्याला खाच पाडली. उभं पाणी सोडताना मात्र त्यांचा हात मध्येच थांबला. "एवढं पानी, बाई," ते पुटपुटले आणि पुढच्या धुऱ्याकडे गेले. नाली खळखळायला लागली.

खड्डा हळूहळू कोरडा पडला. पोळ्याला गेले तेव्हा मामाजी चौकात चारचौघांना सांगत होते, "भाचीनं नाली चुकवली व्हती, मी दुरुस्त केलो. पोरगी हुशार हाय, पन शिकन हळूहळू." अंगाचा नुसता तिळपापड झाला. गाडीत लेव्हल होती. तिथंच लावून दाखवली असती!

मामाजींसोबत घरी आले, तर मामींनी पुरणपोळी वाढली आणि हळूच विचारलं, "खरं सांग, कोनाचं चुकलं व्हतं?"

सांगायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात आतल्या खोलीत माग खटखट करायला लागला.

"माझंच," मी म्हणाले आणि पोळीवर तूप मागितलं.