येळवशीच्या दिवशी दोन गोळ्या

येरमाळ्याजवळ वैजनाथरावांची बारा एकर काळी जमीन. ज्वारी, मूग, मेथी, शेपू, मागाल ते पिकतं. पण घरात काय येतं? बेकरीचे टोस्ट, खारी आणि पांढरा भात. ताजी भाजी पहाटेच कळंबच्या बाजाराला जाते, आणि हे महाशय ऐटीत टोस्ट बुडवत बसतात. भाकरी म्हणे गड्यामाणसांनी खावी. साखरेचा आजार आला, पण अक्कल काही आली नाही.

आजार त्यांच्या बायकोला, मथुराबाईलाही होता. पण ती उपकेंद्रातल्या शिवांजली सिस्टरच्या वर्गाला जायची. अर्धं ताट भाज्या, मूठभर उसळ, एक भाकरी, आणि गोळी घेतली की वेळेवर जेवण, एवढं ती शिकली आणि तसंच वागली. सहा महिन्यांत साखर आटोक्यात आली. नवरा म्हणायचा, "शेरडावाणी पाला खातीया." त्याचं स्वतःचं शास्त्र निराळंच होतं. पंगत असली की एका गोळीऐवजी दोन गिळायच्या आणि गोडावर आडवा हात मारायचा. याला तो डोकं म्हणत होता.

येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला अख्खं गाव रानात जेवतं. मथुराबाईनं हरभऱ्याचा पाला, तुरीचे ओले दाणे, वालाच्या शेंगा घालून भज्जी शिजवली. बाजरीचे उंडे, आंबील आणि गव्हाची खीर झाली. खिरीच्या आशेनं वैजनाथरावांनी उपाशीपोटीच दोन गोळ्या घेतल्या. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, पण कळंबचे व्याही आण्णासाहेब काही येईनात. अकराला "निघालोच", बाराला "निघालोच". त्यांच्याआधी कुणी बसायचं नाही, आणि बायकांनी तर सगळ्यांच्या मागून.

मथुराबाईनंही आपली गोळी घेतली होती. तिचे हात थरथरायला लागले.

"मला घासभर खाऊ द्या," ती म्हणाली.

"पावण्याच्या आधी? लाज हाय का न्हाय?" वैजनाथराव खेकसले.

दीडला आण्णासाहेब आले. त्यांना रामराम घालतानाच वैजनाथरावांना दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली आणि महाशय खोपीजवळ मटकन खाली बसले. ऊन लागलं म्हणून आण्णासाहेब उपरण्यानं वारा घालायला लागले. मार्गशीर्षात ऊन! मथुराबाईनं सिस्टरनं सांगितलं तसा पाण्यात गूळ कालवला आणि घोटाघोटानं पाजला. पंधरा मिनिटांत स्वारी उठून बसली.

"बघा आण्णासाहेब," वैजनाथराव म्हणाले, "मला गूळच मानवतो. प्यालो की उठलो. आन् ही म्हणती पाला खा."

मथुराबाईला शिसारी आली. या माणसाच्या मोठेपणासाठी सत्तावीस वर्षं ती शेवटी जेवली होती. आज इथंच आडवी झाली असती, तर गूळ कालवणारं कुणीच नव्हतं.

"उनाचं काय न्हाय," ती व्याह्यांसमोर पहिल्यांदाच बोलली. "खिरीसाठी उपाशीपोटी दोन गोळ्या गिळल्यात यांनी, साखर पार उतरली. मरत होते."

तिनं ताट घेतलं, अर्धं भज्जीनं भरलं, वर एक उंडा ठेवला आणि व्याह्यांसमोरच मांडी घालून बसली.

"अगं, पावणे बसायचेत अजून."

"गूळ पिताना तुमी थांबलात का?" ती म्हणाली आणि घास मोडला.

आण्णासाहेब आंबील प्यायला लागले. वैजनाथरावांचा हात खिरीच्या पातेल्याकडं गेला. मथुराबाईनं पातेलं डाव्या हातानं आपल्याकडं ओढलं, भज्जीची वाटी त्यांच्यापुढं सरकवली आणि जेवत राहिली.