मांडीतलं इंजेक्शन

गांधीलमाशी चावून माणूस मरू शकतो, हे माझ्या सासरी कुणाला पटत नव्हतं. नवऱ्यालाही नाही, आणि एकदा मरता मरता वाचला होता तो तोच.

ती पहिली खेप सोलापुरात झाली. दवाखाना जवळ होता म्हणून निभावलं. नंतर नवी पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून अ‍ॅड्रेनलिन समजावलं. कुत्रं मागं लागलं की छाती धडधडते, ती याच्यामुळंच. शरीर ते स्वतः बनवतं. पण अशा अ‍ॅलर्जीत तेवढ्यानं भागत नाही. रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो, श्वासनळ्या आवळतात. औषध नेमकं उलट करतं: रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनळ्या उघडतं, हृदयाला जोर देतं. दम्याचा पंप आणि चोंदलेल्या नाकाचे थेंब याच्याच भाऊबंदांपैकी.

"अ‍ॅलर्जीची गोळी नंतर. आधी हे, मांडीत. आणि पेशंटला उभं करायचं नाही. पायात उतरलेलं रक्त हृदयाकडं परत येत नाही, माणूस जागीच जातो."

मी सिरिंजमध्ये पाणी भरून वांग्यांवर सराव केला. औषध तेव्हापासून पर्समध्येच.

दुसरी खेप अक्कलकोटजवळ, शेतावर. नवऱ्यानं पंपाच्या खोलीचं दार उघडलं आणि मानेवर डंख बसला. बघता बघता अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, श्वासात शिट्टी वाजू लागली, आणि तो बांधावर कोसळला.

जाऊबाई धावत आल्या. "आक्का, चुना आणू का?"

"चुना नको, अँब्युलन्सला फोन करा."

तेवढ्यात धाकट्या दिरानं मोटरसायकल आणली. तिकडं आजारी माणूस असाच नेतात: पुढं एक, मागं एक, मध्ये पेशंट ताठ बसवलेला.

"वैनी, सरका! आक्कलकोट कितीसं लांब हाय?"

"हात लावू नका. बसवलंत तर पोचेपर्यंत राहणार नाही."

"आवं, पर हितं निजवून काय पूजा करायची व्हय?"

मी पर्स ओढली. औषधाची काचेची अँप्यूल फोडली, ठरवून दिलेलं तेवढं औषध सिरिंजमध्ये ओढलं आणि पँटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई घातली. "पाय वर धरा!" म्हणून ओरडले. दिरानं मोटरसायकल टाकली आणि पाय धरले.

थोड्या वेळानं नवऱ्याचे हात थरथरू लागले, तोंड पांढरंफटक, काळीज शर्टातून दिसेल असं उडत होतं.

"इंजेक्शन बाधलं की!" जाऊबाईंनी हंबरडा फोडला.

"बाधलं नाही, लागू पडलंय. श्वास ऐका."

शिट्टीसारखा आवाज विरत गेला होता. नवऱ्यानं डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "माझी पँट कुणी भोसकली?"

अँब्युलन्स आली तोवर तो उठायला बघत होता. मी उठू दिलं नाही. औषध उतरलं की त्रास परत येऊ शकतो. आडवाच नेला. अक्कलकोटच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. त्रास परत आला नाही.

खोटं कशाला सांगू, मला माज चढला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी उगाच येरझाऱ्या घातल्या, आणि कुणी विचारो न विचारो, प्रत्येकाला सांगितलं: इंजेक्शन मी दिलं.