गुळाचा दंड

माझा स्वभाव तापट. अशा बाईनं शिकवायला जाऊ नये, असं आमच्या घरात एकमतानं ठरलं होतं. पण महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती, यवतमाळच्या कॉलेजात इंग्रजीची जागा रिकामी होती, आणि वकील-कारकुनांच्या आमच्या घरात मीच तेवढी एम.ए. होऊन बसले होते. गेले, झालं.

पोरं खेड्यापाड्यांतून आलेली. कविता त्यांना बरी वाटे, पण सारांशलेखनाचा तास आला की तोंडं आंबट होत. भलामोठा उतारा द्यायचा आणि त्याचा एक-तृतीयांश करून आणायचा. नियम तीन. मुख्य मुद्दा कुठंही दडलेला असो, शोधून काढायचा. कुणाचंही म्हणणं गाळायचं नाही. आपलं मत मध्ये टाकायचं नाही.

एकदा मागच्या बाकावरचा एक नमुना उभा राहिला. "बाई, मोठं होतं ते लहान केलं, तं नोकरी कोन देते जी?"

वर्ग फिदीफिदी हसला आणि माझं डोकं सणकलं. "शनिवारी दाखवते!" म्हणाले खरी, पण काय दाखवणार ते मलाही ठाऊक नव्हतं. शेवटी सगळ्यांना घेऊन कोर्टाच्या आवारात गेले. तिथं झाडाखाली अर्जनवीस बसायचे. एक बाई त्यांना शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण सांगत होती आणि तिनं सुरुवात सासूच्या लग्नापासून केली होती. अर्जनवीस पान चघळत ऐकत राहिले, मग चार ओळी लिहून त्यांनी वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "हाव, हेच तं म्हनून राह्यली मी केव्हाची!" मी मागच्या बाकाकडे असं काही पाहिलं म्हणता!

तेव्हापासून दर शनिवारी आमचा फेरा निघू लागला. तारघर झालं, जिनिंग फॅक्टरी झाली, दवाखाना झाला. परत येताना मी एकच प्रश्न विचारायची, "वर्गातलं आज कुठं दिसलं?" प्राचार्य म्हणायचे, "बाई, तुम्ही वर्ग घेता की वरात काढता?"

सारांशात सगळ्यांत हुशार होता खिडकीजवळ बसणारा एक मुलगा. महागावकडच्या एका बंजारा तांड्यावरचा, तिथल्या नायकाचा म्हणजे प्रमुखाचा पोरगा. त्याच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. मुळात गरजेपुरतंच बोलायचा, त्यामुळे लिहितानाही फापटपसारा नसे. एका सोमवारी तास संपल्यावर तो टेबलाशी आला.

"बाई, मी कॉलेज सोडून राह्यलो. येत्या शनिवारी गावाले जातो."

"काहून?" मी रागावले की शहरी मराठी विसरते.

"बा म्हनते, तू तिथं काय शिकतं ते आमाले दिसत नाही. वावरात हात कमी पडून राह्यले."

"दिसत नाही? मग दाखवू! शनिवारी सगळा वर्ग तुझ्या तांड्यावर."

तो घाबरला. म्हणाला, तिथं ऑफिस नाही, फॅक्टरी नाही. शनिवारी फक्त नसाब आहे. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. "मग तेच पाहू," मी म्हटलं.

शनिवारी पहाटे बसस्टँडवर पाहते तर पोरानं आपली पत्र्याची पेटी टपावर चढवलेली. खोली सोडून, सामानसुमान आवरूनच निघाला होता. मला इतका राग आला, की महागावच्या वाटेवर मी कुणाशी धड बोलले नाही.

तांड्यावर मात्र आमचं स्वागत झोकात झालं. बायका नसाबात बसत नसत, पण मला पाहुणी म्हणून कडेच्या बाजेवर बसवलं. नायक उंच, पांढऱ्या मिशांचे. ते लोकांना म्हणाले, "पाव्हणे हायेत, गोर बोली बाजूले ठेवा जराशी. वऱ्हाडीत बोला." मग मला तिथली रीत सांगितली. बोलणाऱ्याला मध्येच तोडलं तर दंड, सगळ्या तांड्याला गूळ. आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं नायकानं पुन्हा बोलून दाखवायचं. ज्याचं त्यानं "इतकंच" म्हटल्याशिवाय निवाडा द्यायचा नाही.

भांडण दोन चुलतभावांचं होतं, एका विहिरीवरून. धाकट्याची मिरची पाण्यावाचून सुकत चालली होती आणि थोरला मोटेची पाळी सोडत नव्हता. थोरला बोलू लागला तो थांबेचना. मग धाकटा. नायक दोघांचं बोलणं पुन्हा सांगत, की थोरला मान हलवून म्हणे, "राह्यलं, नायक," आणि विहिरीच्या पहिल्या कुदळीपासून पुन्हा सुरू. ऊन डोक्यावर आलं. माझा वर्ग पेंगू लागला. नायकांचा घसा पार बसला, शब्द फुटेना.

तेव्हा पोरगा उठला. "बा, मी सांगू?"

नायकांनी नुसता हात हलवला.

पोरगा थोरल्याकडे वळला. "काका, तुमी म्हनता, इहीर खोदाले तुमी होते, बैल तुमचे होते, ते कोनी मोजत नाही. अन् पुतनीच्या लग्नात मांडव घालून झाल्यावर तुमाले बलावनं आलं. पाण्याचं त्याच्या नंतरचं हाय. काही राह्यलं का?"

मांडवाची गोष्ट थोरल्यानं त्या सगळ्या रामायणात दोनदाच, तीही खाली मान घालून काढली होती. माझ्या तर लक्षातही नव्हती. थोरला ओठ हलवत बसला. मग म्हणाला, "नाही. इतकंच."

पोरानं धाकट्याचंही तसंच सांगितलं; मिरची, डोक्यावरचं कर्ज, आणि मांडवाच्या दिवशी घाईत झालेली चूक. तोही "इतकंच" म्हणाला, आणि उठून थोरल्याच्या पाया पडला. पाण्याच्या पाळ्या मग चहा उकळायच्या आत ठरल्या. मागच्या बाकावरचा नमुना माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "बाई, दिसलं जी!" माझी छाती अशी फुगली की विचारू नका.

नायक खूश होऊन पोराच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "पाह्यलं? लय कामाचं झालं पोट्टं! आता तं हा घरीच पाह्यजे. माह्या जागी नसाबात..."

"घरीच?" मी बाजेवरून ताडकन उठले. "अहो, काय बोलता! अर्ध्या शिक्षणात हे करतो, तर पूर्ण झाल्यावर काय करील! पंचायत समित्या निघताहेत, कचेऱ्यांत माणसं नाहीत, तांड्यावरचं म्हणणं साहेबापुढं मांडायला कोणी आहे का तुमचं?" मी सुटलेच. देश काढला, सरकार काढलं, माझे वडील काढले, मोट काढली. थांबले तेव्हा कुठं लक्षात आलं, नायकांना मी मध्येच तोडलं होतं. मग कुडाआडून बायका खदखदून हसल्या. नसाबात दंड झालेली मी पहिली बाई होते.

"गूळ," नायक शांतपणे म्हणाले. मग पोराकडे वळले. "बाईचं बोलनं लांब झालं. लहान कर."

पोरानं माझ्याकडे पाहिलं नाही. "बाई म्हनते, पोरगं अर्धंच शिकलं. उरलेलं शिकू द्या."

"काही राह्यलं का, बाई?"

एवढं बोलले होते, आणि काहीही राहिलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं. "इतकंच."

"अन् तुह्यं काय म्हननं?" त्यांनी पोराला विचारलं.

"आपलं मंधात टाकाचं नसते, बा. बाईनं शिकवलं."

"मी इचारून राह्यलो ना?"

सारा वर्ग जागा झाला होता.

"मले शिकाचं हाय."

"काही राह्यलं?"

"नाही, बा. इतकंच."

दोघांचंही "इतकंच" झालं होतं. आता रीतीप्रमाणे निवाडा देणं भाग होतं. नायकांनी पागोटं सोडलं, सावकाश पुन्हा बांधलं, आणि उठून झोपडीत गेले. बाहेर आले ते डोक्यावर पोराची पत्र्याची पेटी घेऊन. सडकेपर्यंत त्यांनी ती कुणाला हात लावू दिली नाही, पोरालाही नाही. संध्याकाळची बस आली तशी त्या वयात शिडी चढून त्यांनी ती स्वतः टपावर ठेवली, दोरी आवळली, खाली उतरले आणि माझ्या खिडकीशी आले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार.

"बाई," ते म्हणाले, "गुळाचं इसरू नोका."