दादा बसत नाहीत

मला बसता येत नाही. कमरेत, मणक्यात काही बिघाड नाही. हाडांच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, सगळं ठणठणीत आहे. पण खुर्चीत टेकलो की थोड्याच वेळात पाय हलायला लागतो, मग छातीत काहीतरी दाटून येतं आणि मी उठतो. एसटीत जागा रिकाम्या असतात आणि मी दांडा धरून उभा. चहा टपरीवर उभ्यानं. जेवण स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, ताट हातात. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे नोकरीत हे खपून गेलं. मास्तरकी हा उभ्याचाच धंदा. बायको मात्र पहिल्यापासून वैतागलेली. "घरात एवढ्या खुर्च्या घेतल्या, बसणारी मी एकटी," असं आल्यागेल्याला सांगायची. मी ते हसण्यावारी न्यायचो.

ते हसणं मुलीच्या शाळेनं बंद केलं. तिच्या बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं, ही मधल्या सुट्टीत डबा वर्गाच्या दाराशी उभी राहून खाते. बसवली तर अर्धा डबा तसाच ठेवून उठते. तेव्हा ती तिसरीत होती. येताना सोबत चालणारी बायको एवढंच म्हणाली, "हे तिनं माझ्याकडून घेतलेलं नाही." मला राग आला, कारण ते खरं होतं. माझं जे काय व्हायचं ते झालं होतं, पण हे लेकरू आता जन्मभर दाराशी उभं राहणार का, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

तेव्हा दर शनिवारी संभाजीनगरहून एक मॅडम बीडला यायच्या. मनाच्या तक्रारी ऐकायच्या. त्यांची खोली रक्त तपासणीच्या लॅबच्या वर होती, हे माझ्या पथ्यावर पडलं. बीडात कोण कोणाचा जिना चढतो याच्यावर अख्ख्या रस्त्याचं लक्ष असतं. मी कॉलेजात सांगून टाकलं, साखर तपासायला जातोय. पुढं बरेच महिने सहकारी माझ्यासाठी न विसरता बिनसाखरेचा चहा मागवायचे आणि मला तो प्यावा लागायचा.

मॅडमच्या पद्धतीचं नाव गेस्टाल्ट, म्हणजे आत्ता, इथं काय होतंय ते बघायचं. मला वाटलं होतं, त्या लहानपणाबद्दल विचारतील, नाहीतर गोळ्या लिहून देतील. त्यांनी विचारलं, "आत्ता काय होतंय?"

"काही नाही."

"तुमचे पाय कुठे आहेत?"

खुर्चीच्या कडेवर टेकलेल्या मी खाली बघितलं. धड मॅडमकडं होतं आणि दोन्ही बूट दाराकडं तोंड करून. एवढी शिकलेली बाई एवढ्या लांबून माझे बूट बघायला येते, याची मला चीड आली आणि ती मी बोलूनही दाखवली. "बोललात ते बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यानं तर मी आणखीच तापलो. तरी पुढच्या शनिवारी गेलोच.

काही शनिवारांनंतर त्यांनी माझ्यासमोर एक रिकामी खुर्ची ठेवली. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय तो माणूस इथं बसलाय असं समजायचं आणि त्याच्याशी थेट बोलायचं. "वडिलांना इथं बसवा," त्या म्हणाल्या. मला हसू फुटलं. आमच्या अख्ख्या गावानं जे कधी केलं नाही, ते या बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर करू बघत होत्या.

आमचं गाव लिंबागणेशच्या अलीकडं. छप्पन साली आजोबांनी धम्म घेतला, तेव्हापासून आम्ही बौद्ध. गावच्या दूध संस्थेत एक संचालक राखीव जागेवरचा असे, आणि आमच्या वस्तीतून माझे वडील, दादा, त्या जागेवर होते. ऑफिसात टेबलाभोवती संचालकांच्या खुर्च्या होत्या. त्यात दादांचीही होती. पण तिच्यावर कायम काहीतरी असे. चेअरमनचं उपरणं, चहाचा थर्मास, कसलं तरी खोकं. दादा दारात आले की "या, या" सगळे म्हणत. "बसा" कोणी म्हणत नसे. बसू नका, असंही कोणी कधी म्हणालं नाही. दादा चौकटीला हात लावून उभे राहत आणि सहीची वेळ आली की टेबलाशी जाऊन वाकून सही करत.

दुष्काळाच्या वर्षी संस्थेनं जनावरांची छावणी काढली. आमच्या वस्तीच्या जनावरांना जागा दिली ती पार टोकाला, शेणाच्या ढिगाजवळ. त्या ठरावावरही दादांनी उभ्यानंच सही केली. मी अकरावीत होतो. टँकर आलाय, ड्रम उचलायला चला, हे सांगायला पळत गेलो होतो आणि खिडकीतून हे सगळं बघितलं. दादांची नजर माझ्याकडं गेली आणि त्यांनी मान फिरवली. मग आम्ही दोघांनी मिळून पाणी भरलं. त्या गोष्टीवर त्या दिवशी बोललो नाही आणि नंतरही कधी नाही.

तर दादा काही मॅडमच्या खुर्चीत बसेनात. डोळे मिटले तरी ते मला दाराशीच दिसायचे.

"मग उभेच राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "बोला त्यांच्याशी."

मी बोललो. तब्येत कशी आहे, गोळ्या घेता का, असलंच. मॅडमनी मधेच विचारलं, "हा आवाज कोणाचा आहे?" तेव्हा माझं मला ऐकू आलं. वर्गात मी असा बोलत नाही. खालच्या पट्टीतला, वाक्य संपायच्या आत माघार घेणारा हा आवाज संस्थेतल्या दादांचा होता. मला स्वतःची किळस आली.

एका शनिवारी त्या म्हणाल्या, "आज तुम्ही दादा व्हा. त्यांच्या जागी जाऊन उभे राहा." मला हे नाटक वाटलं. पण दाराशी जाऊन उभा राहिलो, तर हात आपोआप चौकटीवर गेला.

"समोर मुलगा आहे. त्याला काय सांगायचंय?"

माझ्या तोंडून निघालं, "तू कामून आला रं हितं? घरी जा. तू हे बघायचं न्हाई."

ही बोली मी कॉलेजच्या नोकरीत घासून घासून काढून टाकली होती. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की दादा माझ्यावर चिडले, मी मधेच आलो म्हणून मान फिरवली. ते चिडले नव्हते. त्यांना लाज वाटली होती, माझ्यासमोर.

मॅडमनी मला परत खुर्चीत बसवलं. मग मात्र मी ओरडलो. "बसा ना दादा, ते उपरणं फेका खाली आणि बसा," असं किती वेळ ओरडत होतो कोण जाणे. लॅबवाला जिना चढून आला, रक्त देताना कोणाला चक्कर आली का बघायला. मी रडत होतो आणि खुर्चीत होतो. तो गेल्यावरही मी उठलो नाही.

बरा झालो असं मात्र नाही. पाय हलायचा तो हलतच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाण्याची बोंब झाली, गावातला बोअर आटला आणि मी दादांना बीडला घेऊन आलो. त्यांना समोरासमोर काय म्हणायचं ते मी मनात घोकून ठेवलं होतं. चार दिवस धीर झाला नाही. पाचव्या दिवशी बायकोनं पिठलं-भाकरी वाढली. मी ओट्याशी ताट घेऊन उभा. दादा स्वयंपाकघराच्या दारात, एका हातात ताट, दुसरा चौकटीवर. मुलगी त्यांच्या शेजारी, तशीच उभी.

"दादा, बसा," मी म्हणालो. आवाज नको तेवढा चढला. मुलीचा घास तोंडातच राहिला.

दादा शांत होते. "बसतो की. तू बस आधी."

"माझं सोडा."

"सोडू कसं? घरचा कर्ता उभा अन् मी पाहुणा कसा बसू? आल्यापासनं बघायलोय, तू काय बसना. म्हनून मीबी उभा हाय. लई पाय दुखायलेत."

मी जेवणाच्या टेबलाकडं बघितलं. एका खुर्चीवर इस्त्रीचे कपडे, एकीवर माझे तपासायचे पेपर, एकीवर माझी बॅग. मी ताट ठेवलं, ते सगळं उचलून दिवाणावर टाकलं आणि बसलो. दादा आले, गुडघ्यावर हात देऊन हळूच माझ्या शेजारी टेकले. मुलगी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं आपलं ताट आणलं आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"पप्पा," ती म्हणाली, "तुमचा पाय हलतोय."

"हलू दे," मी म्हणालो. "तू जेव."