गोड शेवटाची हमी

रिम्मा प्रोखोरोव्हनाने चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या आणि पेन्शनीत निघाल्याबरोबर स्वतः एक मोठी चूक केली: ती लेखिका झाली.

तशी ती आपण होऊन निघाली नव्हतीच. किनेश्मा गावच्या छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. 'वोल्गाकाठ' नावाचं जाडजूड साहित्यिक मासिक तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय मशीनवर चढत नसे. एका शुक्रवारी कुणीतरी तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये चुका शोधणारा प्रोग्राम बसवला. तो रजा मागत नाही, चहाला उठत नाही आणि संपादकसाहेबांच्या कवितेत यमक जुळलं नाही तर नाक मुरडत नाही. सगळ्यांना तो फारच आवडला. सोमवारी रिम्माला मानपत्र मिळालं आणि आठ फुलांचा गुच्छ. सम आकड्याची फुलं थडग्यावर वाहतात, जिवंत माणसाला देत नाहीत. पण एवढं बघणारं माणूसच आता छापखान्यात उरलं नव्हतं. मानपत्रात दोन चुका होत्या. घरी नेऊन तिने त्या लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि मग ते भिंतीला लावलं.

संपादकसाहेब म्हणजे इन्नोकेन्ती ल्वोविच. त्यांच्या खोलीत चार भिंतींवर चार दाढीवाले थोर लेखक लटकलेले, आणि साहेबांचा आव असा की पाचवा खिळा आपल्याचसाठी राखून ठेवलाय. साहित्याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. कथेच्या शेवटी कुणी मेलं नाही तर त्यांना वाटायचं, पान गहाळ झालंय. एके काळी 'वोल्गाकाठ'साठी वाचनालयात नंबर लागायचे. आता वरून हुकूम आला म्हणून मासिक इंटरनेटवर टाकलं होतं. तिथे दिवसाला चौदा वाचक यायचे, आणि त्यातले नऊ इन्नोकेन्ती ल्वोविच स्वतःच असायचे.

आणि इकडे रिम्माबाईंना? चाळीस हजार!

खोटं नाही सांगत. मोबाईलवर रोज हप्त्याहप्त्याने कादंबऱ्या वाचायची एक साइट आहे. गिरणीतल्या, दवाखान्यातल्या, बसमध्ये लोंबकळणाऱ्या अशा सगळ्या रशियाभरच्या बाया तिच्यावर पडीक असतात. तिथे रिम्मा 'अरियादना प्लामेन्नाया' या नावाने लिहायची, म्हणजे ज्वाळांची अरियादना. खऱ्या अरियादनेला सांधेदुखी होती आणि ज्वाळा फक्त गॅसच्या, पण मोबाईलमध्ये कोण बघायला येतंय? कादंबरीचं नाव 'ड्रॅगनच्या विद्यापीठातली नकोशी नवरी'. सकाळी सहाला हप्ता पडला की साडेसहापर्यंत वाचकिणींचा दंगा सुरू. कुलगुरू ड्रॅगनने नवरीकडे नीट बघितलं नाही तर बाया लेखिकेचा उद्धार करायच्या. आणि मुखपृष्ठावर कोपऱ्यात एक शिक्का असायचाच असायचा: 'गोड शेवटाची हमी'. तो शिक्का नसेल तर त्या पुस्तकाला कुत्रंही विचारत नाही. ज्या देशाच्या वाङ्मयात दोन-तीन प्रेतं पडल्याशिवाय पुस्तक मिटत नव्हतं, तिथे आता नायकाच्या केसाला धक्का लागणार नाही असं आधी लिहून द्यावं लागतं. घ्या!

हे सगळं गुपित होतं. चौतीस वर्षं साहित्याच्या उंबऱ्यावर बसलेली बाई ड्रॅगनची लग्नं लावते, हे कळलं असतं तर गावाने तोंडात शेण घातलं असतं.

सगळ्यात कठीण काम होतं ते खालच्या मजल्यावरच्या झोयापासून लपवणं. झोया सूतगिरणीतून निवृत्त झालेली, गळा मोठा, माया त्याहून मोठी. रोज अकराला ती चहाला वर यायची आणि मुरंब्याची वाटी पुढे ओढून अरियादनेच्या नावाने बोटं मोडायची.

"काय बाई आहे का कोण! सतरा हप्ते झाले, मेल्या ड्रॅगनने अजून मुका नाही घेतला! मला सांग रिम्मा, हिला स्वतःला कधी नवरा होता का?"

"असेल की," रिम्मा म्हणायची आणि चहात बघत बसायची. ताकास तूर लागू देत नसे.

आता खरी गोष्ट. रिम्माच्या कपाटात एक कथा होती. अकरा पानांची, 'हातमोजा' नावाची. एक आठ वर्षांची मुलगी आणि तिचा अकरा वर्षांचा भाऊ ल्योन्या, एप्रिलच्या तोंडावर गोठलेल्या वोल्गा नदीच्या बर्फावरून पलीकडच्या आजीकडून परत येतात. काठावर पोचल्यावर मुलीच्या लक्षात येतं, एक हातमोजा मागे पडलाय. लाल हातमोजा, अंगठा करड्या लोकरीने दुरुस्त केलेला. ती भोकाड पसरते. तूच जा, तूच आण, म्हणून पाय आपटते. ल्योन्या मागे फिरतो. आणि बर्फ फुटतो.

ती मुलगी कोण हे सांगायला नकोच. रिम्माने आईला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं की तो कशासाठी मागे फिरला. जिवंत माणसाला तोंडाने सांगणं जमलं नाही, म्हणून तिने ते कागदावर लिहिलं, आणि ते कुणीतरी वाचावं एवढी एकच तिची आयुष्यातली हाव होती. कुणीतरी वाचावं आणि मग काय म्हणायचं ते म्हणावं. तिच्या लेखी छापायची जागा एकच होती, 'वोल्गाकाठ'. इन्नोकेन्ती ल्वोविचनी ती कथा सात वेळा परत केली. दर वेळी 'करड्या अंगठ्याचा' हे शब्द खोडून. "फालतू तपशील," म्हणायचे. सातव्या वेळी तर वाचनालयातल्या साहित्य-संध्येला, अख्ख्या गावासमोर, हसत हसत म्हणाले, "रिम्मा प्रोखोरोव्हना, तुमच्या कथेत मरण आहे हो, पण मरणाला उंची नाही!"

रिम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिने कोट काढला नाही, बूट काढले नाहीत. ती तशीच कॉम्प्युटरपुढे बसली आणि एक्केचाळिसाव्या हप्त्यात नकोशी नवरी ड्रॅगनच्या पुढ्यात बसून लहानपणची एक आठवण सांगू लागली. हातमोजा, बर्फ, ल्योन्या, सगळं. अकराच्या अकरा पानं, एक अक्षर न बदलता. घ्या उंची!

सकाळी सहाला हप्ता पडला आणि साडेसहाला आग लागली. "ड्रॅगनच्या राज्यात वोल्गा कुठून आली?" "ल्योन्या? तिथे कुणाचं नाव एल्दारियनपेक्षा लहान नसतं!" "शिक्का बघा शिक्का! हमी दिली होती!" सुरगुतच्या एका परिचारिकेने लिहिलं, "मी ड्यूटीवर आहे, मला रडायला वेळ नाही, आत्ताच्या आत्ता काढा त्याला बाहेर." असे अभिप्राय दहा वाजायच्या आत दोन हजार झाले. रिम्मा एकेक वाचत होती. साठ वर्षं ज्याचं नाव कुणी काढलं नव्हतं, त्याच्यासाठी दोन हजार बाया भांडत होत्या.

झोया अकराच्या ऐवजी दहालाच आली. डोळे लाल, अंगावर एप्रन, एप्रनला जळक्या कटलेटचा वास.

"जळली सगळी! वाचत उभी राहिले आणि कळलंच नाही," ती खुर्चीत आदळली. "अगं, मुलाला मारलं तिने! एवढासा जीव! हातमोज्यापायी!"

"असं होतं झोया," रिम्मा कसंबसं म्हणाली. "खरंच होतं असं."

"होतं म्हणजे? खऱ्यात होतं, ते देवाला विचारू! ही तर लेखिका आहे ना? हिच्या एकटीच्या हातात होतं! नुसतं म्हणायचं होतं पोरीने, राहू दे रे हातमोजा, चल घरी. दोन शब्द! हातात असून वाचवलं नाही, काय म्हणायचं असल्या बाईला?"

रिम्माच्या हातातली बशी टेबलावर आपटली. कुणीतरी वाचावं आणि काय ते म्हणावं, एवढीच हाव होती ना? झालं. म्हटलं. झोया बिचारी घाबरली, तिने रिम्माला पाणी दिलं, रक्तदाबाची गोळी शोधली, आणि अरियादनेच्या सात पिढ्यांना शिव्या देत खाली गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे रिम्माने एक्केचाळिसावा हप्ता पुन्हा उघडला. आधी तिने ड्रॅगन उडवून बघितला. तो नदीवर झेपावतो आणि मुलाला अलगद उचलतो. अगदीच फालतू वाटलं. खोडलं. मग तिने मुलीच्या तोंडी ते दोन शब्द घातले. "राहू दे, ल्योन्या. चल घरी." एवढं वाक्य तिला चार वेळा टाइप करावं लागलं. ल्योन्या बर्फावरून काठाकडे वळला. वळताना काठाजवळ त्याचा एक पाय बर्फात गेला, गुडघ्यापर्यंत भिजला, पण तो वर आला आणि बहिणीचा उघडा हात आपल्या खिशात घालून घराकडे निघाला. रिम्मा हुंदके देऊन रडली. मग सहाला बटण दाबलं.

अकराला दार वाजलं. झोयाच असणार म्हणून तिने उघडलं तर दारात इन्नोकेन्ती ल्वोविच. हातात दोरीने बांधलेला केकचा खोका, चेहरा साहित्य अकादमीचा.

"अरियादना!" त्यांनी हात पसरले. "लपवलंत आमच्यापासून!"

रिम्माने त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"काल अगदी चुकून तो एक्केचाळिसावा हप्ता समोर आला. आणि तो करडा अंगठा दिसला! सात वेळा खोडलाय मी, विसरेन का?"

चुकून एक्केचाळिसाव्या हप्त्यापर्यंत पोचायला आधी चाळीस हप्ते चुकून वाचावे लागतात. पण रिम्माने केकसाठी सुरी काढून दिली.

"आम्ही 'हातमोजा' छापतोय," ते केक कापत म्हणाले. "पहिल्या पानापासून, तुमच्या खऱ्या नावानिशी. तुमच्या या चाळीस हजारांतले हजार जरी आमच्या साइटवर आले तरी... अहो, साहित्य वाचेल! आज सकाळी मात्र तुम्ही शेवट बदललात, तो बदला. पोरगा मेलाच पाहिजे. आता कळतंय मला, त्या मरणाला काय उंची आहे!"

चौतीस वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली, ते समोर केकबरोबर वाढले होते. रिम्माने भिंतीवरच्या मानपत्राकडे बघितलं. त्या मासिकात आपलं नाव, खरं नाव, शाईने छापलेलं. हात पुढे केला की आपलं.

"आता नाही जमायचं, इन्नोकेन्ती ल्वोविच," ती म्हणाली. "तो घरी पोचलाय."

"कोण?"

"ल्योन्या."

"अहो, पण ते वाङ्मय नाही! ती वाचकांची हाजी हाजी झाली!"

"असेल. तुमच्या वाङ्मयात तो सात वेळा बुडाला, तुमचा पाय नाही ओला झाला."

साहेबांनी चमचा बशीत ठेवला. तेवढ्यात मागे काहीतरी पडलं. दार उघडंच राहिलं होतं आणि दारात झोया उभी होती. मोबाईल खाली पडलेला, तोंड उघडं. सगळं ऐकलं होतं तिने.

"तू?" झोया म्हणाली. "तू आहेस ती अरियादना? काखेत कळसा आणि मी आख्ख्या रशियाला वळसा घालतेय!"

रिम्माला वाटलं, आता ही हसेल, नाहीतर गावभर करेल. झोयाने मोबाईल उचलला, एप्रनला पुसला आणि कमरेवर हात ठेवले.

"मग बसलीस काय केक खात? मुलगा गुडघ्यापर्यंत भिजून घरी आलाय आणि हप्ता तिथेच संपवलास! त्याचे मोजे कोण काढणार? मोज्यांत ऊब यायला मोहरीची पूड कोण घालणार? न्यूमोनिया होऊन मरेल ना तो उद्या! ऊठ!"

रिम्मा उठली. इन्नोकेन्ती ल्वोविचना केकपाशी सोडून ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि झोया तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. आईने ल्योन्याला शेगडीजवळ बसवलं, रिम्माने लिहिलं. ओले बूट ओढून काढले. पाय लाल होईपर्यंत चोळले.

"दोन्ही पायांना," झोया म्हणाली. "आणि मोहरीवर लोकरीचे मोजे, जाडे."

रिम्माने जाडे मोजे लिहिले. मग डोळ्यांत इतकं पाणी आलं की पुढचं अक्षर दिसेना, आणि तिची बोटं थांबली.

"थांबू नकोस गं," झोया मागून हलकेच म्हणाली. "गार पडेल तो."