इक्बालचा पेन्सिल सेल

फोनवर इक्बालचं नाव दिसलं आणि उचलल्या उचलल्या मी सुरू झालो, "काय बहिऱ्या, आता आठवण झाली? घेऊन जा ते तुझे स्पीकर, रिकामा डबा वाजल्यासारखे वाजतात!" पलीकडून आवाज नाही. त्याला ऐकू गेलं नसणार म्हणून तेच पुन्हा ओरडून म्हणालो. वळ गावातल्या गोदामात माझ्याभोवतीचे हमालही हसले. मग हळू आवाज आला, "काका, मी रुबीना... अब्बा सकाळी गेले. जोहरच्या नमाजानंतर दफनाला नेणार आहेत."

इक्बाल आणि मी शाळेत एका बाकावर. निजामपुऱ्यात त्यांच्या घराखालीच वडिलांचे कापडाचे लूम होते. त्या खडखडाटावर झोपून उठून वाढलेला हा पोरगा, कान तिथंच अर्धे गेले. आणि पुढं धंदा काय निवडला, तर गाड्यांना स्पीकर बसवायचा! आम्ही लाडानं 'बहिऱ्या' म्हणायचो आणि फिजिक्समध्ये त्याच्यापेक्षा तीन मार्क जास्त मिळाले म्हणून तो मला जन्मभर 'प्रोफेसर' म्हणाला. कानावर भरवसा नव्हता, म्हणून तो बोटानं ऐकायचा. नवा स्पीकर बसवला की एक पेन्सिल सेल घ्यायचा, त्याला दोन वायरी डाग देऊन जोडलेल्या, आणि गाडीतल्या डेककडून येणाऱ्या वायरींना क्षणभर टेकवायचा. टक्क! स्पीकरचा कागद बाहेर आला तर वायर बरोबर, आत गेला तर उलटी. गिऱ्हाइकाचं बोटही कागदावर ठेवायला लावायचा. "आला ना बाहेर? मग जा बिनधास्त."

मी जुनी गाडी घेतली तेव्हा स्पीकर त्याच्याकडूनच घेतले, पण बसवायला दोन दिवस थांब म्हणाला, तर आमच्यातला प्रोफेसर जागा झाला. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते ना! "अरे, वायरींच्या रंगावर जाऊ नको," तो म्हणाला, "ही गाडी चार हातांतून फिरलेली हाय. एक स्पीकर बाहेर ढकलतो, दुसरा आत ओढतो, असं झालं तर दोघं मिळून बास, तो घुमणारा जाड आवाज, खाऊन टाकतात. आधी सेल लाव." आणि स्वतःचाच सेल माझ्या हातावर ठेवला. मी तो गाडीच्या खणात टाकला आणि रंग बघून वायरी जोडल्या.

गाणं लावलं तर ढोलकी गायब, गायक कुठल्या तरी विहिरीतून बोलावत असल्यासारखा. हिनं विचारलं, "सेल लावून पाहिलात का?" मी म्हणालो, मालच खराब आहे. तेवढ्यावर थांबलो असतो तर... पण शाळेच्या ग्रुपवर लिहिलं, 'इक्बालकडून स्पीकर घेऊ नका. ज्याला ऐकूच येत नाही, त्याला आवाजातलं काय कळणार?' स्पीकर मी बसवलेत, हे मात्र लिहिलं नाही. इक्बाल त्याच ग्रुपवर होता. त्याला सगळ्यांना खरं सांगता आलं असतं, पण त्यानं एवढंच लिहिलं, 'गाडी घेऊन ये प्रोफेसर, सेल लावून बघू.' मी गेलो नाही. त्याच्याकडे जाणार असलेले दोघं मित्र माझ्या शब्दावर स्पीकर घ्यायला कल्याणला गेले.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेलो तेव्हा रुबीना चहा देताना म्हणाली, "अब्बांनी दुसरा सेल बनवलाच नाही. नुसत्या सेलला वायरचे तुटके तुकडे आमच्याकडून धरायला लावून काम चालवायचे. म्हणायचे, माझा प्रोफेसरकडे आहे, तो आणून देईल."

परवा रविवारी गाडी अंगणात घेतली. दोन्ही दारांची पॅडं काढली, डेकमागचा प्लग सोडवला आणि हिला स्पीकरवर बोट ठेवून बसवलं. डावीकडे सेल टेकवला. "बाहेर आला," ही म्हणाली. उजवीकडे टेकवला. पुन्हा टेकवला. "आत जातोय," ती म्हणाली, "दोन्ही वेळा आतच."

वायरी बदलल्या. ढोलकी अशी काही दणाणली की शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिलं. मी गाणं बंद केलं. सेल हातात तसाच होता, वायरींच्या टोकांना इक्बालच्या बोटांचा काळा चिकटपणा. म्हटलं, उद्या रुबीनाला नेऊन देतो, तिची माफी मागतो.

ही पदराला हात पुसत म्हणाली, "तिला काय सांगता? तिला माहीतच असणार. त्याचं नाव ग्रुपवर सगळ्यांसमोर घेतलं होतंत ना... आता तिथंच स्वतःचं घ्या."