पावण्यातला वीस मिनिटांचा थांबा

भूतखेत, करणी, बाहेरचं... यातलं काहीही मला पटत नाही. कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जाते. म्हणून हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय.

महाप्याला एका कंपनीत मी गाड्यांचं ट्रॅकिंग बघते. कुठली गाडी कुठे, किती वेळ उभी — सगळं स्क्रीनवर. "पाच-दहा मीटर इकडेतिकडे होईल, पण मशीन खोटं बोलत नाही," हे मी कस्टमरना उठताबसता ऐकवायचे.

आमच्या स्टाफ बसवर हिराकाका ड्रायव्हर. महाप्याच्या वाटेवरच्या पावणे गावचेच, साठीला टेकलेले. मीही खांदेश्वरहून त्याच बसने यायचे, त्यांच्या बरोब्बर मागच्या सीटवर. घरी सुकट केली की माझ्यासाठी वेगळा डबा आणायचे.

बसला नवा ट्रॅकर लागला आणि महिनाभराने रिपोर्ट निघाला — रोज सकाळी पावण्यात एकाच वळणावर, ८:२० ते ८:४० गाडी उभी, इंजिन बंद. म्हणजे डिझेल काढतात, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"मी एक दिस पन थांबलो नाय, साहेब," काका म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "रिपोर्ट बरोबर आहे, सर."

काकांना त्याच दिवशी काढलं.

पुढच्या आठवड्यात रजेचा घोळ निस्तरायला माझी हजेरी उघडली. महाप्याच्या गेटवर माझ्या बोटाचा ठसा — रोज ८:३३. अहो, बस पावण्यात उभी होती ना तेव्हा? डोकंच सुन्न झालं. ट्रॅकर काढून आठवडाभर गच्चीवर ठेवला, ठणठणीत. दुसऱ्या गाडीला लावून त्याच रस्त्याने फिरवला... एका मिनिटाचाही थांबा नाही. इतकी वर्षं ज्याची वकिली केली त्याने मलाच तोंडघशी पाडलं. असा संताप झाला म्हणून सांगू.

तशीच काकांकडे गेले. म्हटलं, "काका, मशीनने फसवलं हो आपल्याला."

ते म्हणाले, "मशीनला डोलं नाय. तू तर रोज माझे मागं बसलेली. गाडी थांबली व्हती का, पोरी?"

साहेबांना हजेरी दाखवली. त्यांनी काकांना परत बोलावलं, पण काका आले नाहीत. ट्रॅकरमध्ये काय झालं ते आमच्या इंजिनिअरना अजून कळलेलं नाही. आणि साहेबांनी बघितलं तेव्हा "सर, मी बसमध्येच होते" एवढं माझ्या तोंडून का निघालं नाही... तेही मला सांगता येत नाही.